जेवणाआधीचा अर्धा तास

युसूफ, तुला माती देऊन आलो त्याला आज सोळा दिवस झाले. त्यातल्या नवव्या दिवशी मी तुझ्या घरी दोनदा गेलो, एकाच दुपारी. पहिल्यांदा तुझ्या लेकीशी, नाझशी, खोटं बोलून बाहेर पडलो आणि तासाभरानं खरं सांगायला पुन्हा जिना चढलो. तिला जे सांगितलं ते खरं तर तुला सांगायचं होतं. त्यासाठी माझ्याकडे सतरा वर्षं होती आणि दर रविवारी तू समोरच बसलेला असायचास. आता लिहितोय. तू म्हणाला असतास, "पाहुणे, पत्र छान आहे. पत्त्याच्या जागी काय घालणार?"

पाहुणे. पुण्यात येऊन मला तेहेतीस वर्षं झाली, धायरीत घर झालं, पोरं इथंच शिकली, तरी तुझ्या लेखी मी पाहुणाच राहिलो. तुझे आजोबा भवानी पेठेत तसबिरी मढवायचे, वडील मढवायचे, तू मढवायचास. शहर तुमचं होतं आणि मी यवतमाळकडून नोकरीला आलेला माणूस. एका शाळेच्या हॉलमधल्या बुद्धिबळाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत आपली गाठ पडली. कुठले म्हणून तू विचारलंस. मी म्हणालो, यवतमाळकडचा, धायरीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून राह्यलो. तू घड्याळ सुरू केलंस आणि खालमानेनं म्हणालास, "सांभाळून राह्यलात? बरं. आता इथं हरून राहा."

आणि मी हरलो. दुसऱ्याच चालीला तू वजिरापुढचं प्यादं माझ्यासमोर ठेवलंस. मी घेतलं. तिसऱ्या चालीला दुसरं दिलंस. तेही घेतलं. मग तिसरं. तेही मारून मी तुझ्या उंटाच्या दारात जाऊन उभा राहिलो. एक प्यादं तू परत मारलंस, तरी मी दोन प्याद्यांनी पुढे होतो. तुझ्या कपाळावर आठी नाही. तुझे दोन उंट शेजारीशेजारी बसले होते आणि दोघांचीही तोंडं माझ्या राजाकडे होती. माझे घोडे अजून घरातून निघालेसुद्धा नव्हते. चोविसाव्या चालीला मात झाली. मोहरी गोळा करताना तू म्हणालास, फुकटचं जेवण दिसलं की बसण्याआधी पान कोणी मांडलंय ते बघावं. मला राग यायला हवा होता. मी विचारलं, पुन्हा कधी खेळायचं? तू दुकानाचा पत्ता दिलास.

तेव्हापासून दर रविवारी धायरीहून बस धरायची, स्वारगेटला उतरायचं आणि चालत तुझ्या दुकानी यायचं. काच कापायच्या टेबलावर तू जुनं ब्लँकेट अंथरलेलं होतंस, त्यावर पट. आजूबाजूला भिंतीला टेकवलेल्या चौकटी, सरसाचा वास, लाकडाचा भुसा. गिऱ्हाईक आलं की तू उठायचास, माप घ्यायचास, परत येऊन न बघताच चाल करायचास. तीही बहुतेक वेळा काहीतरी देऊन टाकायचीच. प्यादं, घोडा, एकदा तर हत्ती. "घ्या, आपलंच आहे," असं म्हणायचास. तुझ्याकडून मोहरं घेताना मला कधी मिळाल्यासारखं वाटलं नाही.

प्यादी देणाऱ्या तुझ्या त्या सुरुवातीवरचा उतारा शोधायला मला दोन वर्षं लागली. तो सोपा आहे आणि म्हणूनच माझ्या ध्यानात येत नव्हता. घेतलेलं सगळं धरून ठेवायचं नाही. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकलून एक प्यादं परत देऊन टाकायचं. मग मारामारी होते, चारपाच चालींत दोन्ही वजीर पटाबाहेर जातात आणि तुझ्या उंटांचा सगळा दरारा संपतो. डाव साधा होतो. साधा डाव मला बरा जमतो. ज्या रविवारी मी ती चाल पहिल्यांदा केली, त्या दिवशी तू बराच वेळ पटाकडे बघत होतास. मग म्हणालास, हे उत्तर बरोबर आहे, पण यात खेळ कुठे आहे? तू डाव जिंकत नाहीस रे, थोपटून झोपवतोस.

तिथून आपला वाद सुरू झाला, तो संपला नाही. मी म्हणायचो, मोहरं द्यायचं तर पुढच्या सगळ्या चाली दिसायला हव्यात, नाहीतर तो नुसता रुबाब. तू म्हणायचास, सगळ्या चाली दिसत असतील तर खेळायचं कशाला, घरी बसावं. बरोबर कोण होतं ते मला आजही माहीत नाही. त्या वादात मी एक तिसरं माणूस ओढलं एवढं मात्र पक्कं माहीत आहे, आणि ते माणूस बारा वर्षांचं होतं.

नाझनीन सहा वर्षांची असताना तू तिला पट शिकवलास. तुम्हां बापलेकीचा एक नेम होता. संध्याकाळी दुकान बंद करून तू घरी जायचास, हातपाय धुवायचास आणि रेहानाभाभी पानं घेईपर्यंत तुम्ही दोघं जमिनीवर पट मांडून बसायचात. अर्धा तास. मी दोनचार वेळा तो पाहिलाय. ती पोर तुझ्यासारखीच हसत हसत मोहरी देऊन टाकायची, आणि तू "अरे वा, उंट पण? मग वजीर कशाला ठेवलाय, तोही दे," असं म्हणून तिला चढवायचास. भाभी आतून हाक मारायच्या. तुम्ही उठायचा नाहीत.

पुढे मी कारखाना सोडला आणि आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बुद्धिबळाचा वर्ग काढला. नाझ दहा वर्षांची झाली तेव्हा तूच तिला माझ्याकडे आणलंस. म्हणालास, माझ्याकडून हल्ला शिकली, आता तुझ्याकडून बचाव शिकू दे, म्हणजे पुरी होईल. हे तुझे शब्द मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर आज जरा बरं वाटलं असतं. तू तिला पुरी करायला पाठवलं होतंस आणि मी अर्धी कापली.

दर शनिवारी तू तिला स्कूटरवरून धायरीला आणायचास, दोन तास बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत थांबायचास. दोन वर्षांत ती शहरात पहिली आली. मग राज्य स्पर्धा. तुला दुकान सोडता येईना, तेव्हा भाभी तिच्याबरोबर आल्या आणि मी होतोच. शेवटच्या फेरीत जिंकली असती तर राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड होत होती. पांढरी मोहरी होती. तिनं तुझीच सुरुवात खेळली, प्यादी दिली. समोरच्या मुलीनं शांतपणे ते वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. माझंच उत्तर. दहाव्या चालीपर्यंत वजीर गेले. डाव बरोबरीत होता, युसूफ, काहीही बिघडलं नव्हतं. सावकाश खेळली असती तर पुढे संधी मिळालीही असती. पण नाझला तशा पटावर बसवेना. ती देण्यासारखं काहीतरी शोधत राहिली आणि शेवटी एक घोडा उगाच देऊन बसली. हरली. येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, "अब्बांना काय सांगू?"

म्हणजे माझ्याकडे कारण होतं. आजवर मी स्वतःला एवढंच सांगत आलो, की मला कारण होतं. त्यानंतरच्या शनिवारी जे झालं ते मी तुला सांगितलं नाही. नाझला सांगेपर्यंत कोणालाच सांगितलं नाही.

त्या दिवशी वर्गात पालक बसले होते. अशा मोहरी देणाऱ्या सुरुवातींना घाबरायचं नाही, हे दाखवायला मी नाझला समोर बसवलं. म्हटलं, तू हल्ला कर, मी बचाव करून दाखवतो. तिनं प्यादं दिलं, मी समजावून सांगत घेतलं. तिनं घोडा दिला. तो घ्यायचा नव्हता. पण सगळे बघत होते, आणि बघा हा घोडा फुकट आहे असं मी बोलून बसलो होतो. सहा चालींत तिनं मला मात दिली. एक वडील हसून म्हणाले, सर, विद्यार्थिनी पुढे गेली की. नाझ मला वाचवायला म्हणाली, की हे सरांनी शिकवलेलं नाही, हे अब्बांचं आहे. पोरीच्या मनात काही नव्हतं. मला मात मिळाल्यावर लागलं नव्हतं इतकं ते वाक्य लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी नेहमीसारखा दुकानात आलो. तू कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोला चौकट करत होतास. मी पट मांडू दिला नाही. म्हटलं, नाझबद्दल बोलायचंय. तिची सवय मोडायला हवी, आणि ती सवय तुझ्याकडून रोज पोसली जाते. मी आठवड्यात दोन तास शिकवतो, ते तू रोज अर्ध्या तासात पुसून टाकतोस.

तू हातातली चौकट खाली ठेवलीस. "म्हणजे काय करायचं?"

"तिच्याशी खेळणं थांबव."

"किती दिवस?"

"दोन वर्षं तरी. तिचा खेळ बसेपर्यंत."

तू हातावरचा भुसा झटकलास. मग विचारलंस, "तिला काय सांगू?"

इथं मी नुसतं, खरं सांग, असं म्हणालो असतो तरी पुष्कळ होतं. मी म्हणालो, "काही सांगू नकोस. सांगितलंस तर ती ऐकायची नाही. कामाचं निमित्त काढ."

तुझ्या तोंडून नेहमीसारखं काहीतरी बोचरं येईल म्हणून मी वाट बघत होतो. माझी उत्तरंसुद्धा तयार होती. तू म्हणालास, "बरं. शिक्षक तू आहेस." आणि चौकट पुन्हा हातात घेतलीस. त्या दिवशी आपण खेळलो नाही. मी लवकर निघालो, आणि खरं सांगतो, स्वारगेटपर्यंत चालताना मला हलकं वाटत होतं. पहिल्यांदाच तू दिलेलं काहीतरी मला मिळाल्यासारखं वाटलं.

माझं म्हणणं साफ चूक असतं तर आज सोपं गेलं असतं. नाझला शांत डाव शिकायला हवाच होता. पण त्यासाठी तुला बाजूला काढायची काय गरज होती? मी तुला ते उत्तर नीट समजावून दिलं असतं, तर तूच रोज संध्याकाळी तिच्यासमोर काळी मोहरी घेऊन बसला असतास, वजीर काढून टाकला असतास, आणि वर "बघ, तुझे सर असेच कंटाळवाणे खेळतात," असं म्हणत तिला हसवत हसवत शिकवलं असतंस. हे मला तेव्हाही सुचलं होतं. मी ते मनातून घालवलं.

तिचा खेळ बसला. मी म्हणत होतो तसाच बसला. हरणं कमी झालं, बरोबऱ्या वाढल्या. शहरात चौथी, राज्यात सहावी, असं काहीबाही येत राहिलं. पालकांना मी तिचे डाव दाखवायचो, बघा किती पक्की खेळते. ती चाल करायच्या आधी दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला लागली, म्हणजे घाईनं हात पुढे जाऊ नये. ते मीच शिकवलं होतं.

तूही बदललास. रविवारी माझ्याशी ती सुरुवात खेळेनासा झालास. साधी प्यादी, साधे घोडे, काही देणं नाही. मी जास्त जिंकायला लागलो. घरी बायकोला सांगायचो, या वयात माझा खेळ सुधारतोय. तिनं एकदा विचारलं, की युसूफभाईंची तब्येत बरी आहे ना? मला तो प्रश्न कळला नाही.

दोन वर्षं होऊन गेल्यावर एकदा, फक्त एकदा, तू विचारलंस. काचेवर हिऱ्याची रेघ ओढत होतास. काच तुटल्यावर, वर न बघता म्हणालास, "पाहुणे, अजून किती?" मला लगेच कळलं तू कशाबद्दल बोलतोयस. मी म्हणालो, अजून थोडं थांब, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, आता मध्येच नको. तू मान हलवलीस. पुढच्या महिन्यातली स्पर्धा झाली. मी काही बोललो नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस. मला वाटलं, तुलाही आता त्याचं काही राहिलं नसेल. असं वाटून घेणं फार सोयीचं होतं.

दहावीच्या वर्षी नाझ म्हणाली, काका, मला कंटाळा येतो, मी थांबते. मी तुला सांगितलं, परीक्षा झाली की परत येईल. आली नाही. कॉलेज, मग खराडीतली नोकरी, लग्न, वाघोलीला घर. तू कधी एका शब्दानं मला बोलला नाहीस. आपली दोस्ती होती तशीच चालू राहिली, चहा, पट, तुझे टोमणे. मी तुझ्या लेकीच्या लग्नात जेवलो, पाहुण्यांची उठबस केली. तू सगळ्यांना माझी ओळख करून देत होतास, हे नाझचे गुरू. मी नमस्कार करत होतो.

तुझ्या शेवटच्या आजारपणात मी ठरवून हॉस्पिटलात आलो होतो. बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती. तू बारीक झाला होतास, हाताला सुया होत्या. रस्ता कुठे कुठे खणलाय, बस कुठून वळवतात, हे तू विचारलंस. मग मी म्हणालो, युसूफ, एक सांगायचं होतं. तू डोळे मिटलेस. "इथं जो येतो त्याला काहीतरी सांगायचं असतं," म्हणालास. "तू नुसता बस."

मी नुसता बसलो. तू दमला होतास म्हणून बसलो असं मी घरी येऊन सांगितलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालं होतं. तू पुन्हा एकदा काहीतरी दिलंस आणि मी पुन्हा घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी भाभींचा फोन आला.

आता त्या दुपारबद्दल. नवव्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. भाभी आत होत्या, नाझनं चहा आणला. ती तुझी कागदपत्रं लावत होती. इकडचंतिकडचं बोलून झालं आणि मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं. "काका, तुम्ही अब्बांचे सगळ्यात जवळचे. त्यांनी माझ्याशी खेळणं का बंद केलं?"

मी म्हणालो, "त्या सुमारास दुकानाचं काम फार वाढलं होतं गं."

"हो, ते तसंच म्हणायचे," ती म्हणाली आणि पुन्हा कागदांकडे वळली. माझा शब्द आणि तुझा शब्द जुळला होता. का नाही जुळणार? तुला तो मीच दिला होता.

मी निघालो. स्वारगेटला येऊन बाकावर बसलो. धायरीची एक बस गेली, दुसरी गेली. तिसरीत चढायला उठलो आणि दरवाज्यापाशी पाय अडला. मागचा माणूस म्हणाला, काका, चढताय की नुसतं बघताय? मी बाजूला झालो. परत चालत निघालो. तुझा जिना चढताना गुडघे दुखत होते आणि मला वाटत होतं, ती घरात नसली तर बरं.

तिनं दार उघडलं. मी आत बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. राज्य स्पर्धेनंतरचा तो रविवार, दोन वर्षं, कामाचं निमित्त. त्याच्या आदल्या दिवशीचा वर्ग आणि ते पालकांचं हसणंही सांगितलं. तू दोन वर्षांनी विचारलंस तेही, आणि मी थांब म्हणालो तेही.

 संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी तो डाव हरले म्हणून नाही?"

मला आधी कळलंच नाही.

"मला वाटायचं, मी त्यांची सुरुवात खेळून हरले, त्यांना लाज वाटली. पहिले काही महिने मी रोज पट मांडून बसायचे. ते म्हणायचे डोळे दुखतात, काम आहे." ती खाली बसली. "तुमच्याकडे मी एवढं मन लावून का शिकले माहितीये? चांगली खेळायला लागले की अब्बा परत बसतील म्हणून. मग एक दिवस वाटलं, आता नाहीच बसणार. तेव्हा सोडलं."

युसूफ, मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्या शिकवण्यात काहीतरी कमी पडलं म्हणून तिनं सोडलं. त्याचीच थोडी खंत बाळगून होतो, ती खंत मला शोभतसुद्धा होती.

भाभी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. माझ्याकडे न बघता त्या नाझला म्हणाल्या, "पुढे पुढे ते त्या वेळेला घरात थांबायचेच नाहीत. हातपाय धुवायचे आणि खाली जिन्यात जाऊन उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, वर थांबलो तर ती पट घेऊन येईल, आणि मला नाही म्हणता येणार नाही. पानं वाढली की मी हाक मारायचे, मग वर यायचे."

दर रविवारी तू माझ्यासमोर बसत होतास. त्या जिन्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. मी ज्याला तुझं मान्य करणं समजत होतो, ते तू रोज संध्याकाळी अर्धा तास उभ्यानं सोसत होतास. आणि का, तर मी तिच्या भल्याचं सांगतोय यावर तुझा विश्वास होता म्हणून. वाद तू माझ्याशी पटावरचा घातलास. लेकीच्या बाबतीत माझं ऐकलंस.

मी नाझला म्हणालो, मला माफ कर असं म्हणायचीही माझी लायकी नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी तुझ्यासारखं, भुवई किंचित वर. "काका, तुमच्यावर चिडून मला आता काय मिळणार आहे ते अजून कळलेलं नाही. कळलं की सांगेन." मग रडली. भाभी तिच्याजवळ जाऊन बसल्या. मी उभा होतो. निघावं की थांबावं कळेना. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "अब्बा कधी डाव लिहून ठेवायचे नाहीत. तुम्हाला आठवत असतील. लिहून द्या. मला ते मोठ्या माणसांशी कसे खेळायचे ते बघायचंय. माझ्याशी खेळताना ते मला जिंकू द्यायचे, हे मला आता कळतं."

मी हो म्हणालो. मला आठवणीचा अभिमान आहे, तुला माहीत आहेच. जुने डाव मी पहिल्या चालीपासून सांगू शकतो, तू चारचौघांत माझं ते कौतुक करायचास. घरी आलो, वही घेतली, पट मांडला आणि लिहायला बसलो. सहा दिवसांत अकरा डाव झाले. पहिली चाल ते शेवटची, एकही घर चुकलेलं नाही. बायकोनं चहा ठेवला, वही उचलून चाळली. तिला चालींतलं काही कळत नाही, पण प्रत्येक डावाखाली मी निकाल लिहिला होता. ती म्हणाली, "हे सगळे तर तुम्हीच जिंकलेले आहेत."

मी वही हातात घेऊन पुन्हा बघितलं. अकराच्या अकरा. युसूफ, पहिली कितीतरी वर्षं तू मला चारातले तीन डाव हरवत होतास. ते शेकड्यांनी असतील. एकही नाही. आपल्या त्या पहिल्या स्पर्धेतल्या डावाची चोविसावी चाल मला आठवते, मधल्या आठवत नाहीत.

परवापासून मी रोज पट मांडून बसतो. एकच डाव थोडा वर येतोय. पावसाळा संपत आला होता, तुझ्या दुकानासमोर कुणीतरी गाद्या उन्हाला टाकल्या होत्या. तू प्यादी दिली होतीस, मग घोडाही दिला होतास, आणि मी सगळं घेऊन बसलो होतो. चौदाव्या चालीला मी राजा कोपऱ्यात नेला आणि म्हणालो, आता बोला. तू हत्तीवर हात ठेवलास, उचललास, पुन्हा वजिरावर नेलास. मग हसलास. तू चाल केलीस आणि मी पट बघून नुसता बसून राहिलो, की हे याला दिसलं कसं. ते बसून राहणं मला लख्ख आठवतं. चाल आठवत नाही.

येत्या रविवारी नाझ वाघोलीहून वही न्यायला येणार आहे. अकरा डाव लिहून तयार आहेत, त्यातला एकही तिला नकोय. तिला हा हवाय. मी मोहरी मांडून ठेवली आहेत, चौदाव्या चालीपर्यंत बरोबर आहेत. पांढऱ्याची चाल आहे, युसूफ. तू काय केलं होतंस?